कानातले आवाज आणि चुंबकीय उपचार

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. औषधांनी त्याचा संशयीपणा ओसरला, पण त्याला ऐकू येणारे भासाचे आवाज थांबलेले नाहीत. डोक्यावर यंत्र ठेवून करायचे उपचार त्याला लागू पडतील का? ते शॉक ट्रीटमेंटसारखेच असतात का?

उत्तर : हे चुंबकीय उपचार शॉक ट्रीटमेंटसारखे नसतात. यात भूल देत नाहीत आणि झटकाही (फिट) आणला जात नाही. आवाज ऐकू येत असताना, कानाच्या वर व किंचित मागे असलेले, भाषेशी आणि ऐकण्याशी संबंधित मेंदूचे भाग अनेक रुग्णांत खरोखरच सक्रिय झालेले दिसतात. तेव्हा भावाला ‘काही नाही, भास आहे’ असे म्हणून गप्प बसवू नये, त्याच्यासाठी तो आवाज खराच असतो. हा भाग शांत व्हावा म्हणून डाव्या बाजूला सेकंदाला १ अशा संथ गतीने चुंबकीय स्पंदने देतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ राल्फ हॉफमन यांच्या गटाने २००० साली याचे आशादायक निष्कर्ष मांडले. २०१२ साली फ्रान्समधील ३० रुग्णांच्या चाचणीत २ मिलिअँपिअरचा सौम्य विद्युत्प्रवाह दिल्यावरही आवाज कमी झाले. मात्र नंतरच्या काही चाचण्यांत खऱ्या आणि लटक्या (फक्त दिखाव्यापुरत्या) उपचारांत फरक आढळला नाही, त्यामुळे खात्रीचा इलाज म्हणून कोणी आश्वासन देत असेल तर सावध राहावे.

दोन औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ घेऊनही आवाज टिकले असतील, तर माझ्या मते आधी क्लोझापिन या औषधाविषयी मनोविकारतज्ज्ञांशी बोलावे. त्यासाठी नियमित रक्ततपासणी लागते. चुंबकीय उपचार त्याच्या जोडीने करता येतात, पण फिट येण्याचा इतिहास किंवा डोक्यात धातूचे रोपण असल्यास ते आधीच सांगावे. चालू गोळ्या परस्पर बंद करू नयेत.