नागिणीची आग, आईंचा विसर आणि गोळ्यांची पिशवी

ताई, साताऱ्याला तुमच्या आईंना नागीण होऊन चार महिने झाले, फोड वाळले पण बरगडीची आग जात नाही, आणि आता त्या विसरायला लागल्यात. ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात का, असं विचारलंत. लगेच तसं धरून बसू नका.

माझ्या मिरजेच्या आत्यानं हे सगळं भोगलंय. पदर घासला तरी जीव कासावीस व्हायचा, पंख्याचा वारा सोसवत नव्हता. जुन्या धोतराचा मऊ तुकडा पोलक्याच्या आत घालून बसायची. पहिले पाच दिवस आम्ही काव लावण्यात घालवले, त्याची रुखरुख अजून आहे. विषाणूवरच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू व्हायला हव्या होत्या.

मग आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं, गॅस चालू राहायला लागला. आम्ही हादरलो. डॉक्टरांनी आधी गोळ्यांची पिशवी मागितली. रात्री अमिट्रिप्टिलिन, दिवसातून तीनदा गॅबापेन्टिन, वर सर्दीची गोळी. पहिल्या दोन्ही नागिणीनंतर मागं राहणाऱ्या नसांच्या कळेवर देतातच, पण म्हातारपणी एकीनं गोंधळ होतो, दुसरीनं गुंगी येते. सर्दीच्या काही गोळ्या त्यात भर घालतात. शिवाय झोपेचं खोबरं झालेलं. डोस हळूहळू उतरवले, दुखऱ्या जागी लिडोकेनची, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाची, पट्टी लावली. दीड महिन्यात आत्या भिशीचा हिशेब पुन्हा तोंडी करायला लागली. मात्र गोळ्या आपल्या मनानं तोडू नका, गॅबापेन्टिन एकदम बंद केलं तर त्रास होतो.

नागीण आणि स्मृतिभ्रंशाच्या संबंधाबद्दल तुम्ही वाचलंय ते बहुधा ब्रिटनमधल्या वेल्सचं. तिथं 1 सप्टेंबर 2013 पासून नागिणीची लस सुरू झाली, पण 2 सप्टेंबर 1933 च्या आधी जन्मलेल्यांना ती मिळालीच नाही. काही दिवसांच्या फरकानं जन्मलेल्या माणसांची अशी आयती तुलना झाली. लस घेतलेल्यांमध्ये पुढच्या सात वर्षांत स्मृतिभ्रंश सुमारे एक पंचमांशानं कमी आढळला. हे 2025 मध्ये छापून आलं. पण हा निष्कर्ष लसीचा आहे. कळ मागं राहिली म्हणजे स्मृती जाणारच, असं त्यातून निघत नाही. आपल्याकडं 2023 पासून पन्नाशीपुढच्यांना दोन डोसांची नवी लस मिळते. असलेली कळ तिनं जात नाही, तरी तुम्ही स्वतःसाठी जरूर विचारा.

आईंना नेताना सगळी पाकिटं न्या, सर्दी-झोपेचीसुद्धा. कुठली गोळी कधी सुरू झाली आणि विसरणं कधीपासून, हे कागदावर लिहा. जीवनसत्त्व बी-12 आणि थायरॉइड तपासायला सांगा. एवढं करूनही विसर हटला नाही, तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा.