पंचतंत्र वाचताना आधी गोष्ट कोण सांगतंय ते बघा

जुन्या गोष्टी बारकाईने वाचायला पंचतंत्रापासून सुरुवात करताय, फार छान. सध्या एकच सवय लावून घ्या: गोष्ट कोण, कोणाला आणि कशासाठी सांगतंय ते आधी शोधायचं.

सिंह आणि सशाची गोष्ट घ्या. विहिरीत स्वतःचंच प्रतिबिंब बघून सिंह उडी मारतो. शाळेत आपण 'शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ' लिहून मोकळे झालो. पण ग्रंथात ही गोष्ट दमनक कोल्हा आपल्या सोबत्याला, करटक कोल्ह्याला सांगतो, आणि त्या वेळी तो मुख्य कथेतला पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री तोडायच्या खटपटीत असतो. म्हणजे आपलं लाडकं तात्पर्य एका कारस्थान्याच्या तोंडी आहे! पुढे बैल मारला जातो, दमनकाचं मात्र काहीच बिघडत नाही. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून होतो.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- फक्त मुलांसाठीची संक्षिप्त आवृत्ती वाचणं. तिच्यात गोष्टीतली गोष्ट गळून पडते. संपूर्ण मराठी भाषांतरच घ्या.
- तात्पर्य आधी वाचणं. ते हाताने झाका.
- ओढूनताणून अर्थ काढणं. आपल्या अर्थाला मजकुरातलं एक तरी वाक्य दाखवता आलं पाहिजे.

पाठभेद (वेगवेगळ्या प्रतींतले फरक), बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या जातककथांशी तुलना, पंचतंत्राचं अरबी रूप 'कलीला व दिम्ना', हे आत्ता राहू द्या. 'मित्रभेद' हे पहिलं तंत्र, म्हणजे पाचांतला पहिला भाग, तेवढं दोनदा वाचा. दुसऱ्या वेळी प्रत्येक गोष्टीपुढे समासात सांगणाऱ्याचं नाव पेन्सिलीने लिहीत जा.