अकरा वेळा फ्रान्सचा विजेता ठरलेला बेझिए रग्बी क्लब आज दुसऱ्या श्रेणीत का खेळतो?

फ्रेंच रग्बीच्या विजेत्यांच्या यादीत बेझिएचं नाव अकरा वेळा येतं, मग हा क्लब आज प्रो डी २ मध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत कसा, मधे झालं तरी काय, असं तुम्ही विचारलंय. हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. मी शिकायला माँपेलिएला होतो, तिथून बेझिए रेल्वेनं पाऊण-एक तासावर. पहिल्यांदा गेलो ते मिदी कालव्याची जलद्वारं बघायला. संध्याकाळी सामना होता म्हणून थांबलो, आणि मग जातच राहिलो.

आधी गाव समजून घ्या. भूमध्य समुद्रापासून जवळ, ओर्ब नदीकाठी, टेकडीवर वसलेलं, जेमतेम ऐंशी हजार वस्तीचं. आजूबाजूला नजर जाईल तिथवर द्राक्षमळे. दक्षिण फ्रान्समध्ये रग्बी वाढलं ते अशाच गावांत. लुर्द, आझाँ, डॅक्स ही काही महानगरं नव्हेत, पण एकेकाळी फ्रेंच रग्बीची सत्ता त्यांच्याकडे होती. बेझिएचा क्लब १९११ चा. रंग लाल आणि निळा. पहिली पन्नास वर्षं मोठं काही हाती लागलं नाही. १९६० ला अंतिम सामन्यात लुर्दकडून हरले, आणि पुढच्याच वर्षी डॅक्सला ६-३ असं हरवून पहिल्यांदा ब्रेन्युसची ढाल घरी आणली. फ्रान्समध्ये विजेत्याला कप मिळत नाही, लाकडी पाटीवर बसवलेली धातूची ढाल मिळते. १८९२ पासून ही ढाल या क्लबकडून त्या क्लबकडे फिरते आहे. १९६२ आणि १९६४ ला बेझिए पुन्हा अंतिम फेरीत गेले आणि दोन्ही वेळा हात हलवत परतले.

खरी गोष्ट सुरू होते १९६८ ला, राऊल बारिएर प्रशिक्षक झाला तेव्हा. १९६१ च्या विजेत्या संघात तो स्वतः पुढच्या फळीत खेळला होता, आणि पेशानं शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. तो काळ हौशी रग्बीचा. खेळाडू दिवसभर नोकरी-धंदा करायचे आणि संध्याकाळी सरावाला यायचे. बारिएरनं या माणसांना शिस्त लावली. शारीरिक तयारी, आहार, श्वासावर लक्ष ठेवून मन स्थिर करण्याचे व्यायाम, हे सगळं त्यानं तेव्हा आणलं जेव्हा बाकीच्यांना ते खूळ वाटत होतं. बेझिए म्हणजे नुसते अंगानं दांडगे फॉरवर्ड, म्हणजे पुढे राहून चेंडूसाठी झुंजणारे आठ खेळाडू, असा एक समज आजही आहे, आणि तो मला पटत नाही. दांडगे होतेच, आलँ एस्तेव्ह आणि मिशेल पालमिए समोर उभे राहिले की भल्याभल्यांना घाम फुटायचा. खेळ रांगडा होता, कधीकधी मर्यादा ओलांडणाराही, हे लपवण्यात अर्थ नाही. पण आठही फॉरवर्डनी एकाच वेळी एकाच जागी पोचायचं, चेंडू जिवंत ठेवायचा आणि समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही, याला डोकं लागतं. त्या डोक्याचं मैदानावरचं नाव होतं रिशार आस्त्र, संघाचा कर्णधार आणि स्क्रम-हाफ, म्हणजे फॉरवर्डनी मिळवलेला चेंडू उचलून मागच्या खेळाडूंना देणारा. लोक त्याला ‘राजा रिचर्ड’ म्हणायचे.

पुढचे आकडे बघा: १९७१, ७२, ७४, ७५, ७७, ७८, ८०, ८१, ८३, ८४. चौदा वर्षांत दहा ढाली, आणि १९७६ ला आझाँकडून अंतिम सामन्यात झालेली हार वेगळी. १९७८ ची ढाल जिंकून बारिएर बाजूला झाला, तरी त्यानं बसवलेली घडी इतकी पक्की होती की त्यानंतर आणखी चार आल्या.

त्यातला १९७४ चा अंतिम सामना मी अनेकांकडून ऐकलाय. समोर नारबॉन, बेझिएपासून पंचवीस-तीस किलोमीटरवरचा शेजारी. म्हणजे पॅरिसला जाऊन भाऊबंदकीच. शेवटचे काही क्षण उरले होते, नारबॉन १४-१३ असं पुढे. आणि आंरी काब्रोलनं ड्रॉप गोल मारला, म्हणजे चेंडू हातातून जमिनीवर टाकून उसळताच पायानं गोलखांबांमधून धाडला. तीन गुण, १६-१४. स्टेडियममध्ये माझ्या शेजारी नेहमी एक आजोबा बसायचे, हा प्रसंग सांगताना ते उजवा पाय पुढे टाकून चेंडू कुठून कसा गेला ते दाखवायचे. दर वेळी तोच पाय, तोच कोन. नारबॉनमध्येही तो चेंडू अजून कुणी विसरलेलं नसणार.

१९८४ ची ढाल तर त्याहून विलक्षण. पुन्हा आझाँ समोर, जादा वेळ खेळूनही २१-२१. फ्रान्सच्या अंतिम सामन्याचा निकाल पहिल्यांदाच पेनल्टी किक मारून लावावा लागला, आणि बेझिए ३-१ नं जिंकले. ती शेवटची.

या दहाही ढाली ज्याच्या नावावर आहेत तो खेळाडू म्हणजे आर्माँ वाकराँ, स्क्रमचा खांब. (स्क्रम म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ फॉरवर्ड वाकून, एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटतात ती झुंज.) इतक्या ढाली फ्रान्समध्ये दुसऱ्या कुणी जिंकल्या नाहीत. १९९३ मध्ये बेझिएतल्याच एका बारमध्ये स्वतःच्या रिव्हॉल्व्हरच्या गोळीनं तो गेला, वय फक्त ४२. गावात त्याचा विषय निघाला की आवाज आपोआप खाली येतो.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. १९९५ ला रग्बी अधिकृतपणे व्यावसायिक झालं आणि सगळं गणित बदललं. तोवर चांगला खेळाडू घडवायला चांगला क्लब, चांगला गुरू आणि खेळाचं वेड असलेलं गाव पुरायचं. आता पगार द्यायचे, प्रायोजक आणायचे, आणि ते मोठ्या शहरात असतात. तुलूझसारखं शहर यात वर गेलं, द्राक्षाच्या भावावर जगणारं गाव मागे पडलं. व्यवस्थापनाच्या चुका झाल्याच असतील, पण माझ्या मते मूळ कारण हेच. लुर्दचं, डॅक्सचं काय झालं ते बघा, म्हणजे हे एकट्या बेझिएचं दुखणं नाही हे कळेल.

२००५ ला बेझिए पहिल्या श्रेणीतून खाली आले. २००९ ला आणखी खाली, तिसऱ्या श्रेणीत. तिथून वर यायला दोन वर्षं लागली. ज्या २०११ मध्ये ते प्रो डी २ मध्ये परतले, त्याच वर्षी शेजारच्या माँपेलिए क्लबची सूत्रं मोहेद अल्त्राद या अब्जाधीश उद्योजकानं घेतली. १९८६ साली स्थापन झालेला हा क्लब २०२२ ला फ्रान्सचा विजेता झाला. दोन्ही गावं एकाच जिल्ह्यातली, हे लक्षात घ्या. २०२० च्या उन्हाळ्यात बेझिएलाही अमिरातीतले गुंतवणूकदार मिळणार अशी हवा झाली होती. माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू क्रिस्तोफ दोमिनिसी त्या प्रस्तावाचा चेहरा होता. पण क्लबांचे हिशेब तपासणाऱ्या संस्थेला पैशाची खात्री पटली नाही आणि प्रस्ताव फेटाळला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोमिनिसीही गेला.

दुसऱ्या श्रेणीत म्हणजे हलकं रग्बी, असं मात्र समजू नका. सोळा संघ, लांबलचक हंगाम आणि बरेचसे सामने शुक्रवारी रात्री. जुनं सोक्लिएर मैदान सुटलं, आता खेळतात त्या स्टेडियमला राऊल बारिएरचं नाव दिलंय. जानेवारीत तिथे त्रामोंतान वारा हाडं गोठवतो. स्क्रमसाठी दोन्ही फळ्या खाली वाकल्या की सगळं स्टँड गप्प होतं, आणि मग सोळा माणसं एकमेकांवर आदळल्याचा तो धप्प आवाज वरच्या रांगेपर्यंत ऐकू येतो. बेझिएची फळी एक पाऊल जरी पुढे सरकली, तरी माझ्या शेजारचे आजोबा उठून उभे राहायचे. ट्राय झाला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवला, तर टाळ्या वाजवायचे, पण उठायचे फक्त स्क्रमला.