पीबीए कार्ड घ्यावं का? न्यू जर्सीला येणाऱ्या एका पोलिसाच्या लेकीला उत्तर

नमस्कार,

तुम्ही विचारलंत ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. तुमचे बाबा महाराष्ट्र पोलिसातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. लहानपणापासून नाक्यावर गाडी अडवली की 'खात्यातले आहोत' एवढं म्हणून पुढं जाता येतं, हे तुम्ही पाहिलंय. आता मिस्टरांना न्यू जर्सीला पाठवताहेत. त्यांचा मावसभाऊ इथल्या एका गावात पोलीस आहे. तो म्हणतो, 'वहिनी, मी तुम्हाला पीबीए कार्ड देतो, कुणी तिकीट फाडणार नाही.' (तिकीट म्हणजे वाहतुकीच्या दंडाची पावती.) हे खरं आहे का, कार्ड घ्यावं का, आणि बाबा सहा महिने राहायला येतील तेव्हा त्यांचं ओळखपत्र जवळ ठेवावं का, असे तुमचे तीन प्रश्न.

दीर तुम्हाला खोटं सांगत नाहीत. मी इथं मिडलसेक्स काउंटीत बरीच वर्षं राहते, गाडी रोज चालवते, आणि ही कार्डं लोकांच्या पाकिटात पाहिली आहेत. तरी माझं मत विचाराल तर घेऊ नका. का, ते जरा सविस्तर सांगते.

पीबीए म्हणजे पोलीस बेनेव्होलंट असोसिएशन, पोलिसांची संघटना. न्यूयॉर्क शहराची वेगळी, न्यू जर्सीची वेगळी. संघटना दर वर्षी आपल्या सभासदांना थोडी कार्डं देते आणि ते ती घरच्यांना, मित्रांना वाटतात. कार्डावर वर्ष असतं, बऱ्याचदा देणाऱ्याचं नाव आणि सही असते. स्टेट ट्रूपरच्या, म्हणजे राज्य पोलिसांच्या, संघटनांचीही कार्डं असतात, आणि काही घरांत गाडीवर लावायची छोटी धातूची ढाल दिसते. गाडी अडवली की लायसन्सच्या मागे हे कार्ड धरून द्यायचं. अडवणारा पोलीस विचारतो, हा तुमचा कोण? भाऊ, नवरा, मेहुणा, जे असेल ते सांगायचं. कधी तो कार्डावरच्या माणसाला फोनही करतो. मग पुष्कळ वेळा 'सावकाश चालवा' म्हणून सोडून देतो. कार्डं किती होती याचा अंदाज यावा म्हणून सांगते: 2018 च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या पीबीएने नोकरीतल्या सभासदाला मिळणारी कार्डं 30 वरून 20 केली आणि निवृत्तांची 20 वरून 10. ही कार्डं ऑनलाइन विकली जात होती.

कायद्यात या कार्डाला काहीही स्थान नाही. कायद्यात आहे तो एवढाच अधिकार, की किरकोळ वाहतूक गुन्ह्यात तिकीट लिहायचं की समज देऊन सोडायचं हे रस्त्यावरच्या पोलिसानं ठरवावं. तो अधिकार चांगला आहे. घाबरलेल्या नव्या ड्रायव्हरला, दवाखान्यात धावणाऱ्या माणसाला त्याचा आधार होतो. हे कार्ड तोच अधिकार नात्याकडे वळवतं. म्हणून ते चालेल की नाही हे त्या एका माणसाच्या मर्जीवर, त्या दिवशी, त्या रस्त्यावर ठरतं. एक पोलीस मानेल, दुसरा मानणार नाही. हद्द ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलात तर कदाचित कुणी ढुंकूनही पाहणार नाही.

आणि एक रेषा पक्की लक्षात ठेवा. तिकीट लिहिण्याआधी सोडणं हा अधिकार. लिहिल्यानंतर ते गायब करणं हा गुन्हा. न्यूयॉर्कमध्ये ही रेषा वर्षानुवर्षं पुसली गेली होती. नातेवाइकाला तिकीट मिळालं की संघटनेच्या प्रतिनिधीला फोन जायचा आणि कागद कोर्टात पोचायच्या आधीच हरवायचा, किंवा कोर्टात पोलिसाला नेमकं काही आठवायचं नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये न्यूयॉर्क शहरातल्या ब्राँक्सला 16 पोलिसांवर आरोप ठेवले गेले, त्यांतल्या बऱ्याच जणांवर या तिकिटांवरून. कोर्टाबाहेर शेकडो पोलीस सुटीच्या वेशात जमले आणि 'हे सौजन्य आहे, गुन्हा नाही' असे फलक धरून उभे राहिले. तिकिटं मिटवण्याची सवय इतकी मुरली होती की त्यात वावगं काही आहे असं त्यांना खरंच वाटत नव्हतं. तोवर तिथं तिकिटांची नोंद संगणकावर ठेवायला सुरुवात झाली होती. न्यू जर्सीतही लिहिलेलं तिकीट कोर्टाचं होतं. तुमच्या दिरांनी 'मी बोलून बघतो' म्हटलं तर हात जोडून नको म्हणा. त्यात त्यांचीच नोकरी जाईल.

आता ज्या कारणानं मला हे कार्ड आवडत नाही ते सांगते. तुम्ही पोलिसाची मुलगी आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळेल.

न्यूयॉर्क शहरातल्या स्टेटन आयलंडला मॅथ्यू बियांकी नावाचा वाहतूक पोलीस होता. तो कार्ड दाखवणाऱ्यांनाही तिकिटं देत असे. वरिष्ठांनी आणि सहकाऱ्यांनी त्याला समज दिली, की कार्डाचा मान राखायचा. तो ऐकेना. 2022 मध्ये त्यानं एका बड्या अधिकाऱ्याच्या परिचयातल्या बाईला तिकीट दिलं आणि त्याची वाहतुकीतून रात्रपाळीच्या गस्तीवर बदली झाली. 2023 मध्ये तो कोर्टात गेला, 2024 मध्ये शहरानं चूक कबूल न करता 1,75,000 डॉलर देऊन दावा मिटवला. वर्तमानपत्रांत सगळं आलं होतं. फ्लोरिडातली गोष्ट याहून वाईट. डोना जेन वॉट्स या हायवे पेट्रोलच्या ट्रूपरनं ऑक्टोबर 2011 मध्ये ताशी 120 मैलांच्या वर पळणारी गाडी थांबवली. आत मायामीचा पोलीस होता, आपल्या सुटीतल्या दुसऱ्या कामावर निघालेला. तिनं त्याला बेड्या घातल्या. मग राज्यभरच्या 80 हून अधिक पोलिसांनी सरकारी यंत्रणेतून तिची खासगी माहिती 200 हून जास्त वेळा उघडून पाहिली. तिला फोन येऊ लागले, घरासमोर अनोळखी गाड्या थांबू लागल्या. तिला पोलिसांवरच दावे लावावे लागले. त्याच घटनेवरून सन सेंटिनेल या वर्तमानपत्रानं टोलच्या नोंदी तपासून पोलिसांचा बेफाम वेग उघड केला आणि त्या मालिकेला पत्रकारितेचा 2013 चा पुलित्झर पुरस्कार मिळाला.

कार्ड दाखवलं की आपण समोरच्या पोलिसाला या जागी उभं करतो. सोड, नाहीतर आपल्याच लोकांत वाईट हो. तुमच्या बाबांनाही नोकरीत असे फोन आले असतील, 'साहेबांचा भाचा आहे, जाऊ दे.' ते फोन आले की घरी आल्यावर त्यांचा चेहरा कसा व्हायचा, ते आठवा.

शिवाय ज्याच्याकडे मावसभाऊ नाही त्याचं काय? एडिसनच्या ओक ट्री रोडवर किराणा दुकानात काम करणारा, कारखान्यातल्या पाळीवरून पहाटे घरी निघालेला, ज्याला इथल्या पोलिसात एकही माणूस माहीत नाही, तो त्याच वेगानं गेला तर पूर्ण दंड भरतो. आपण इथं नव्यानं येतो तेव्हा कुठल्याही वशिल्याशिवाय नियम सारखा लागेल, याचाच आपल्याला आधार असतो. पहिल्याच महिन्यात तो आधार आपणच पोखरायला नको, असं मला मनापासून वाटतं. 2025 मध्ये न्यू जर्सीच्या राज्य नियंत्रक कार्यालयानं स्टेट पोलिसांच्या बॉडी कॅमेऱ्यांचं (अंगावर लावलेल्या कॅमेऱ्यांचं) चित्रीकरण तपासून अहवाल दिला. कार्ड किंवा ओळख दाखवणाऱ्यांना गंभीर चुकांतही सोडलं जातं, असं त्यात नोंदवलंय.

बॉडी कॅमेऱ्याचा मुद्दा व्यवहाराचाही आहे. जून 2021 पासून न्यू जर्सीत गस्तीवरच्या पोलिसाला तो लावणं कायद्यानं बंधनकारक आहे. तुम्ही ओळख काढली तर ते शब्द रेकॉर्ड होतात. टेनाफ्लाय गावातली 2018 ची घटना सगळ्यांना ठाऊक आहे. पोर्ट अथॉरिटीच्या (इथले पूल, बंदरं, विमानतळ चालवणाऱ्या संस्थेच्या) एका आयुक्त बाईंची मुलगी ज्या गाडीत होती ती गाडी पोलिसांनी अडवली. बाई तिथं पोचल्या, बिल्ला दाखवला, आपलं पद सांगितलं, शिवीगाळ केली. तरुण पोलीस शांत राहिले. बाईंना राजीनामा द्यावा लागला आणि पोलिसांच्या गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरणही बाहेर आलं.

गाडी अडवलीच तर काय करायचं, ते आता. मागे लाल-निळे दिवे दिसले की सिग्नल देऊन उजवीकडे कडेला थांबा. खाली उतरू नका. हे बाबांना आधीच नीट समजावून सांगा, कारण आपल्याकडे उतरून पोलिसाशी दोन शब्द बोलणं ही रीत आहे आणि इथं ते धोक्याचं समजतात. काच खाली, हात स्टिअरिंगवर, रात्री असेल तर आतला दिवा लावा. लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स मागितल्यावरच, 'कप्प्यातून काढते' असं सांगून काढा. वाद घालू नका, वाद कोर्टात घालायचा असतो. आणि पैशाचा विषय चुकूनही, हसत हसतही काढू नका. लाच देऊ करणं हा इथं गंभीर गुन्हा आहे आणि व्हिसावरच्या माणसाला त्यावरून देश सोडावा लागू शकतो.

बाबांचं महाराष्ट्र पोलिसाचं ओळखपत्र त्यांनी अभिमानानं सोबत आणावं. इथं कुणी निवृत्त पोलीस भेटला तर गप्पा छान रंगतील. पण गाडी अडवल्यावर ते पुढं करू नये. त्याचा उपयोग नाही, आणि अधिकाराचा गैरवापर केल्यासारखं मात्र दिसेल. ते गाडी चालवणार असतील तर भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परमिट काढून आणा. तुम्ही दोघं मात्र पाहुणे नाही, रहिवासी धरले जाल. 60 दिवसांच्या आत न्यू जर्सीचं लायसन्स घ्यायचं आहे.

तिकीट मिळालं तर घाबरायचं कारण नाही, फक्त घाईनं पैसे भरू नका. भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, आणि मग लायसन्सवर पॉइंट, म्हणजे चुकांचे गुण, चढतात. मर्यादेपेक्षा 14 मैलांपर्यंत जास्त वेगाला 2, 15 ते 29 ला 4, त्यावर 5. थांबलेल्या शाळेच्या बसला ओलांडलंत तर 5. नवीन आलेले इथंच सगळ्यात जास्त अडकतात, तेव्हा बसचे लाल दिवे लुकलुकताना दिसले की थांबा. समोरून येत असाल तरीही, मध्ये दुभाजक नसेल तर. तीन वर्षांत 6 पॉइंट झाले की राज्य वेगळा अधिभार लावतं, 12 ला लायसन्स निलंबित होतं, आणि इन्शुरन्सचा हप्ता त्याआधीच वाढलेला असतो. म्हणून 'नॉट गिल्टी' (गुन्हा कबूल नाही) असं कळवून तारीख घ्या. त्या दिवशी म्युनिसिपल कोर्टात सरकारी वकील तुमच्याशी बोलतो. आधीचं रेकॉर्ड स्वच्छ असेल तर बरेचदा वेगाचं तिकीट 'अनसेफ ड्रायव्हिंग'वर आणलं जातं. त्याला पहिल्या दोन वेळा पॉइंट नाहीत, पण दंडावर 250 डॉलरचा अधिभार आहे, म्हणजे खिशाला चांगली चाट बसते. दुभाषी मोफत मिळतो, मराठीसाठीही मागा. हा मार्ग सगळ्यांना खुला आहे, त्याला कुणाचं नाव लागत नाही. तारखेला गैरहजर मात्र राहू नका, वॉरंट निघू शकतं.

हातात फोन धरून बोलणं पहिल्याच वेळी 200 ते 400 डॉलरचं पडतं. न्यूयॉर्क शहरात वेगाचे कॅमेरे ऑगस्ट 2022 पासून चोवीस तास चालू असतात आणि 50 डॉलरचं तिकीट थेट गाडीमालकाच्या पत्त्यावर येतं. तिथं कार्ड दाखवायला माणूसच नसतो.

दारूचा विषय वेगळा. पिऊन चालवताना पकडलं तर कुठल्याही कार्डानं ते झाकायला जाऊ नये आणि झाकलं जात असेल तर ते भयंकर आहे. न्यू जर्सीत तो फौजदारी नव्हे तर वाहतुकीचा गुन्हा मानतात, म्हणून काहीजण हलक्यात घेतात. पण अमेरिकी परराष्ट्र खातं 2015 पासून नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द करू शकतं, निकालाची वाट न पाहता. मिस्टरांच्या ऑफिसच्या पार्ट्यांना जाताना परतीची टॅक्सी आधीच ठरवून ठेवा.

दिरांना काय सांगायचं, हा तुमचा खरा पेच असेल. ते प्रेमानं देताहेत आणि नाही म्हटलं तर वाईट वाटेल. 'भाऊजी, कार्ड नको, पण पहिले दोन शनिवार माझ्याशेजारी बसून इथली गाडी शिकवा,' असं सांगून बघा. मर्ज कसं करायचं (धावत्या रांगेत गाडी कशी मिसळायची), चार बाजूंच्या स्टॉपवर आधी कोण जातं, जर्सीत डावीकडे वळण्यासाठी उजवीकडून का वळसा घालावा लागतो, हे पोलिसाइतकं नीट कुणी शिकवणार नाही. इन्शुरन्स कंपनी भारतातली ड्रायव्हिंगची वर्षं मोजते का, हेही निघण्याआधी विचारून ठेवा. काही कंपन्या मोजतात. तुमच्या आरटीओकडून लायसन्सच्या तपशिलाचा सही-शिक्क्याचा उतारा आणलात तर तो तिथं दाखवता येईल.