'आफोंसो द अल्बुकर्क': मुरगावच्या आधीची सव्वीस वर्षे

डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्तीच्या वेळी, मुरगाव बंदरात भारतीय नौदलाशी लढलेली 'आफोंसो द अल्बुकर्क' ही पोर्तुगीज नौका खरी फ्रिगेट, म्हणजे लढाईसाठी बांधलेली मध्यम आकाराची युद्धनौका, होती की नावापुरती, आणि तिचा निभाव इतका कमी वेळ का लागला, असे आपण विचारले आहे. दोन्ही प्रश्नांचे उत्तर तिच्या आधीच्या सेवाकाळात आहे. तो बाजूला ठेवून केवळ शेवटचा दिवस पाहिला, तर या नौकेवर आणि तिच्या खलाशांवर अन्याय होतो असे मला मनापासून वाटते.

इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठच्या हॉथॉर्न लेस्ली गोदीत तिची बांधणी झाली, १९३४ मध्ये तिचे जलावतरण झाले आणि पुढच्या वर्षी ती पोर्तुगीज नौदलात दाखल झाली. तेव्हा तिचा वर्ग 'आव्हिझो' असा होता, म्हणजे दूरच्या वसाहतींत गस्त घालण्यासाठी, सैन्य व अधिकारी नेण्यासाठी आणि निशाण फडकत ठेवण्यासाठी बांधलेले जहाज. १२० मिलिमीटरच्या चार तोफा आणि सुमारे २१ नॉटचा वेग एवढे त्या कामाला पुरेसे होते. फ्रिगेट हा शिक्का दुसऱ्या महायुद्धानंतरच्या फेरवर्गीकरणात बसला. जहाज मूळचे तेच राहिले.

तिच्यावर पहिला जीवघेणा मारा झाला तो तिच्याच सरकारच्या तोफांचा. ८ सप्टेंबर १९३६ रोजी तिच्या आणि 'दाओं' या विनाशिकेच्या खलाशांनी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीविरुद्ध बंड केले. लिस्बनच्या टेगस नदीतून बाहेर पडू पाहणाऱ्या या नौकांवर काठावरच्या किल्ल्यांतून गोळे डागले गेले, आणि बंड तिथेच मोडले. पकडलेल्यांपैकी अनेकांची रवानगी केप व्हर्देमधील ताराफाल छळछावणीत झाली. नौका दुरुस्त होऊन पुन्हा सेवेत आली.

माझ्या दृष्टीने तिच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम १९४२ चे आहे. २८ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांताच्या किनाऱ्याजवळ 'यू-१७७' या जर्मन पाणबुडीने 'नोव्हा स्कोशिया' हे ब्रिटिश जहाज बुडवले. त्यावरच्या हजाराहून अधिक माणसांत बहुसंख्य इटालियन कैदी, म्हणजे जर्मनीच्याच मित्रराष्ट्राचे लोक होते. बुडणाऱ्यांना वाचवायला पाणबुडीला मनाई होती. म्हणून जर्मनांनी तटस्थ पोर्तुगालला कळवले आणि लोरेन्सो मार्कीशहून, म्हणजे आजच्या मापुतोहून, ही नौका निघाली. शार्क माशांनी भरलेल्या त्या समुद्रात तराफ्यांना आणि लाकडाच्या तुकड्यांना धरून राहिलेल्या सुमारे १९० जणांना तिने जिवंत बाहेर काढले. साडेआठशेहून अधिक माणसे मात्र दगावली. १९४५ मध्ये जपानच्या शरणागतीनंतर तिमोरमध्ये पोर्तुगीज सत्ता परत बसवायला गेलेल्या नौकांतही ती होती.

आता १८ डिसेंबर १९६१. दोना पावलाच्या धक्क्यावर उभे राहिले की झुवारीच्या मुखापलीकडे मुरगाव समोर दिसते. लढाईचे सारे क्षेत्र एका नजरेत मावते, आणि एवढ्याशा पाण्यात जहाजाला हालचालीला किती थोडी जागा होती ते लगेच उमगते. दुपारी 'बेतवा' आणि 'बियास' या भारतीय फ्रिगेट पुढे आल्या. त्या १९६० मध्येच सेवेत आलेल्या, आणि त्याही टाइनकाठीच बांधलेल्या. प्रत्येकीवर साडेचार इंची चार तोफा होत्या, त्यांचा नेम रडारवर धरला जात होता. शरण येण्याचा इशारा कप्तान अंतोनियो दा कुन्या अरागांव यांनी मानला नाही. शरणागती पत्करायची नाही, असा लिस्बनचा हुकूमच होता. त्यांनी तोफा चालवल्या, पण पंचवीस वर्षांपूर्वीच्या, हाताने गोळे भरायच्या तोफा या माऱ्यापुढे टिकणे शक्य नव्हते. गोळा ब्रिजजवळ, म्हणजे जिथून जहाज चालवले जाते त्या जागेजवळ, फुटून कप्तान गंभीर जखमी झाले आणि थोड्या वेळाने नौका बांबोळी-दोना पावलाच्या बाजूला उथळ पाण्यात नेऊन रुतवण्यात आली.

तिने लढाई लवकर सोडली, असे म्हणूनच मी म्हणणार नाही. फ्रिगेट हे नाव कागदावरचे होते; गस्तीसाठी बांधलेल्या जहाजाला जेवढा वेळ झुंजता येते तेवढा वेळ ते झुंजले. अरागांव यांच्यावर पणजीच्या रुग्णालयात उपचार झाले. नौका नंतर मुंबईला ओढून नेऊन मोडीत काढण्यात आली.