शपथ झाली, आता पासपोर्ट कोणता?

प्रश्न : मुलगा ब्रॅम्प्टनला असतो. कॅनडाच्या नागरिकत्वाच्या शपथेची तारीख आली आहे आणि दिवाळीला इकडे यायचं तिकीटही काढून झालंय. भारतीय पासपोर्ट परत कधी करायचा? आणि आमच्या शेतावर त्याचं नाव लागेल का? – एक वडील, तासगाव

उत्तर : आधी शपथ आणि तिकीट यांच्यात किती दिवस आहेत ते मोजा. घोटाळा होतो तो इथेच. कॅनडाने 1977 पासून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व ठेवायला मुभा दिली आहे. त्यामुळे शपथेच्या समारंभात भारताचं काही सोडायला कोणी सांगत नाही, आणि मुलं समजतात की दोन्ही चालतं. आपल्याकडे 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 आहे. स्वखुशीने दुसरं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं, मग तुम्ही कळवा वा न कळवा. आणि ते संपतं शपथेच्या क्षणी, कॅनडाचा पासपोर्ट हातात पडतो तेव्हा नव्हे. राजे चार्ल्स यांच्याशी निष्ठेची शपथ झाली की खिशातल्या निळ्या पासपोर्टची मुदत कितीही उरलेली असो, त्यावर प्रवास करणं गुन्हा.

तिकडचं दारही तेव्हाच लागतं. शपथेबरोबर पीआर कार्ड (तिथे कायम राहण्याचा परवाना) बाद होतं आणि कॅनडाच्या नागरिकाला विमानाने परत जाताना तिथलाच पासपोर्ट दाखवावा लागतो. म्हणजे नवा पासपोर्ट येईपर्यंत मुलगा जिथल्या तिथे. भारतात यायला त्यावर पुन्हा व्हिसा किंवा ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड हवं. दोन-तीन महिने हाताशी नसतील तर तिकीट पुढे ढकला, किंवा पटेल असं कारण लेखी देऊन शपथेची तारीख बदलून मागा.

क्रम असा : शपथ, कॅनडाचा पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट, आणि त्याच्या आधारावर ओसीआय. जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत मिळतो. तो जपून ठेवा, पुढे लागतो. अर्ज अडतो बहुतेक वेळा नावावर. आपल्या पासपोर्टात मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव असतं, तिकडच्या कागदांत ते कुठेतरी गळतं, आणि मग 'हे दोघे एकच' अशी प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. फोटोही वेगळा : ओसीआयला चौकोनी, 51 बाय 51 मिलिमीटर. कॅनडाच्या पासपोर्टसाठी काढलेला 50 बाय 70 चा फोटो इथे चालत नाही.

ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे, त्याच्या लांबलचक नावावर जाऊ नका. तो आयुष्यभराचा व्हिसा आहे. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र जमीन मिळू शकते. तलाठ्याकडच्या वारस नोंदीला परदेशी नागरिकत्व आड येत नाही. 'आत्ताच त्याच्या नावे करून टाकतो' म्हणून बक्षीसपत्र करायला जाऊ नका. फेमाच्या, म्हणजे परकी चलनाच्या कायद्याच्या, नियमांप्रमाणे परदेशी राहणाऱ्याला शेतजमीन बक्षीस घेता येत नाही, भारतीय पासपोर्ट असतानाही घेता येत नव्हती. त्यापेक्षा नीट मृत्युपत्र करून ठेवा. आणि गावच्या मतदार यादीतलं त्याचं नाव फॉर्म 7 भरून कमी करून घ्या.

प्रश्न : मिसिसागाला राहतो. मुलगी दुसरीत आहे. तिला मराठी लिहाय-वाचायला शिकवायचं आहे, पण घरचे म्हणतात, कॅनेडियन व्हायचं तर हे वेगळेपण कशाला? – एक आई

उत्तर : ते वेगळेपण तिथलं सरकारच जपायला सांगतं. 1971 साली कॅनडाने बहुसांस्कृतिकतेचं धोरण स्वीकारलं, 1982 च्या हक्कांच्या सनदेत त्यासाठी कलम 27 आलं, 1988 मध्ये कायदा झाला. हे फक्त भाषणापुरतं नाही. तुमच्या ओंटारिओ प्रांतात 23 प्राथमिक विद्यार्थ्यांच्या पालकांनी लेखी मागणी केली तर शाळा मंडळाला त्या भाषेचा वर्ग सुरू करावा लागतो, आठवड्याला अडीच तासांपर्यंत. मोजणी मंडळाची असते, एका शाळेची नाही. मिसिसागा आणि ब्रॅम्प्टन पील मंडळात येतात; ओकव्हिलची मराठी मुलं हॉल्टनची, ती तुमच्या यादीत धरू नका. 23 वर थांबूही नका, 30 तरी जमवा, कारण सप्टेंबरात निम्मे जण हॉकीला जातात. दुसरी अडचण वयाची. पाच वर्षांचा आणि बारा वर्षांचा एका बाकावर बसले की दोघेही कंटाळतात, तेव्हा पहिल्याच दिवशी दोन गट पाडा.

माँट्रियलला असता तर गणित निराळं होतं. क्वेबेकमध्ये 1977 च्या भाषा कायद्याने स्थलांतरितांच्या मुलांना सहसा फ्रेंच शाळेतच जावं लागतं. देश एक, पण 'आपलं' म्हणायच्या तऱ्हा दोन.

प्रश्न : आजोबांचा जन्म 1948 चा, फोंड्याचा. त्यांच्यामुळे मला पोर्तुगीज पासपोर्ट मिळेल? – एक नातू, म्हापसा

उत्तर : 19 डिसेंबर 1961 पूर्वी, म्हणजे गोवामुक्तीआधी, गोव्यात जन्मलेल्यांच्या आधारे दावा करतात. त्यासाठी लिस्बनला आधी आजोबांची नोंद, मग वडिलांची, मग तुमची अशी साखळी लागते. मधल्या लग्नांचे कागदही लागतात. पण डोक्यात इंग्लंडमधलं स्विंडन असेल तर उशीर झाला : 31 डिसेंबर 2020 नंतर पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये नव्याने जाऊन राहण्याचा आपोआप हक्क उरलेला नाही. इकडची किंमतही ओळखा. नुसती जन्मनोंद म्हणजे नागरिकत्व का, यावर गोव्यात वर्षानुवर्षं वाद चालू आहे. तिकडचं ओळखपत्र किंवा पासपोर्ट घेतलात की मात्र वरचंच कलम 9 लागू होतं. ते लपवून भारतीय पासपोर्ट वापरणाऱ्यांचे पासपोर्ट रद्द झाले आहेत. अशांना रद्दीकरणाचं पत्र जोडून ओसीआय मागण्याची वाट परराष्ट्र मंत्रालयाने 2024 च्या एप्रिलमध्ये मोकळी केली.

वकिलाला पैसे देण्याआधी आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीची प्रत काढा आणि नाव वाचून बघा. तिथे कामतांचे 'कामोतिम' असतात आणि शेणव्यांचे 'सिनाय'. आधार कार्डाशी ते जुळवताना निम्मं वर्ष जातं.