आई आरामात आहे, तरी खूश का नाही?

तुम्ही विचारलंय की आई ७६ वर्षांची आहे, घरात कशाची कमी नाही, तिला काडीचं काम करू देत नाही, तरी ती म्हणते, 'मी आता कुणीच नाही.' हे वयामुळे होतं का?

वयापेक्षा त्या आरामामुळे, असं मला वाटतं. आमच्याच घरी झालंय.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आम्ही त्यांना गॅसपाशी फिरकू देईना. मायेपोटीच. पण त्या खोलीतून बाहेर येईनाशा झाल्या.

मुलगा तेव्हा मानसशास्त्र शिकत होता. 'मी कोण?' याची वीस उत्तरं द्यायची, अशी कून आणि मॅकपार्टलंड यांची १९५४ची चाचणी आहे. ती त्यानं घरात सगळ्यांना दिली. त्याची स्वतःची उत्तरं म्हणजे मी हट्टी आहे, मला डोंगर आवडतात. आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत सांगत होती, "मी या घरची थोरली सून. मी तुझी आजी. मी महालक्ष्म्यांचं पुरण करणारी." मग थांबली. "ते खोड. आता तुझी आई करते."

माझ्या पोटात तुटलं.

मार्कस आणि कितायामा या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये हेच मांडलं होतं. अमेरिकेत माणूस 'मी'कडे सगळ्यांपासून वेगळं असं बघतो; जपानसारख्या समाजांत तो 'मी' नात्यांत गुंफलेला असतो. आपल्या आयांचाही तसाच. काम काढून घेतलं की नुसता वेळ रिकामा होत नाही, 'मी'चाच एक तुकडा जातो. मानसशास्त्रज्ञ कॅरल रिफ यांना तर अमेरिकेतही उतारवयात जगण्याला हेतू असल्याची भावना कमी झालेली दिसली होती.

मात्र चार नवे लोक भेटावेत म्हणून आईंना बळंच कुठल्या मंडळात धाडू नका. वय वाढतं तशी माणसं आपणहून मोजकी, जवळची नाती धरून ठेवतात, आणि त्यात त्यांना बरंच वाटतं, असं म्हातारपणाचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन सांगतात. झोप किंवा भूकच गेली असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.

आईंच्या हातून शेवटचं काय काढून घेतलंत, तेवढं आठवून बघा. आमच्याकडे गॅस मी सांभाळते, पुरणयंत्र त्यांच्याकडे. शेजारची गुजराती सून शिकायला येते. तिच्या माहेरी वेढमीला, म्हणजे त्यांच्या पुरणपोळीला, तुरीची डाळ. यंदा तीच घेऊन आली, तर सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "ही परत ने, हरभऱ्याची आण. मी थांबते."